शेवंतीवरचा पांढरा कोळी आणि माझ्या पेटीतल्या सातेरी माश्या

गच्चीबाग | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. रंकाळ्याच्या बाजूला आमचे घर आहे आणि गेली आठ वर्षे मी गच्चीवर बाग करते. तगर, सदाफुली, झेंडू, पांढरी आणि पिवळी शेवंती अशी साधीच झाडे आहेत. गेल्या वर्षापासून एका कोपऱ्यात सातेरी माश्यांची, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्यांची, एक पेटीही ठेवली आहे. दसऱ्यानंतर शेवंती उमलू लागली, तेव्हापासून जे पाहते आहे त्याने मला थोडे अस्वस्थ केले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

पांढऱ्या शेवंतीच्या एका फुलाला एक सातेरी माशी लोंबकळताना दिसली. वारा नसतानाही ती किंचित हलत होती, म्हणून मी फूल अलगद वाकवून पाहिले, तर पाकळ्यांच्या आड पाकळ्यांच्याच रंगाचा एक कोळी तिच्या मानेशी तोंड लावून बसला होता. त्याचे पुढचे चार पाय लांब आणि दोन्ही बाजूंना पसरलेले, मागचे चार आखूड, पोट मागच्या बाजूला रुंद होत गेलेले आणि डोक्याच्या दोन्ही कडांना शिंगांसारखे बारीक उंचवटे होते. बोट जवळ नेल्यावर तो पुढे न पळता आडवा सरकत, शिकारीसकट, फुलाखाली गेला. आसपास जाळ्याचा एक धागाही नव्हता.

त्यानंतर नऊ दिवस मी रोज सकाळी आठ ते नऊ या वेळेत त्या दोन कुंड्यांजवळ बसून वहीत नोंदी केल्या. या काळात एकूण सात शिकारी दिसल्या, त्यांतल्या चार सातेरी माश्या होत्या, दोन फुलांवर घिरट्या घालणाऱ्या पट्टेदार माश्या होत्या आणि एक लहान निळसर फुलपाखरू होते. मेलेल्या माश्या बाहेरून अगदी अखंड राहतात, पंख, पाय, डोळे सगळे जागच्या जागी असते, पण हातात घेतल्यावर त्या फोलासारख्या हलक्या लागतात. आणखी एक गोष्ट दिसली. कोळी माशी खात असताना तिच्या अंगावर चिलटांहूनही लहान अशा चार-पाच काळ्या माश्या येऊन बसतात आणि कोळी त्यांना हाकलत नाही.

सहाव्या दिवशी तो कोळी पांढऱ्या फुलावरून शेजारच्या पिवळ्या शेवंतीवर गेला. तिथे तो मला जिन्याच्या दारातून दिसत होता, इतका उठून दिसत होता. मला वाटले की आता याला उपास घडणार, पण दुसऱ्याच दिवशी त्याने तिथेही माशी पकडली. तेव्हापासून मनात दोन प्रश्न आहेत. पिवळ्या फुलावरचा पांढरा कोळी मला दिसतो, तर माशीला का दिसत नाही? आणि पेटीतल्या माश्यांसाठी मी त्याला उचलून दुसरीकडे सोडावे का? सासूबाईंचे म्हणणे असे की त्याची जागा त्याने निवडली आहे, तर आपण त्याला हुसकू नये. मला मात्र त्या चार माश्या विसरता येत नाहीत.

भिंगातून | ४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

ताई, वर्णन इतके नेमके आहे की छायाचित्राची गरज भासली नाही. हा खेकडा कोळी आहे आणि डोक्यावरच्या शिंगांवरून तो थोमिसस या वंशातला असावा. तुम्ही पाहिलेली मादी आहे. नर अवघा दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि मादी त्याच्या तिप्पट-चौपट मोठी भरते. पुढच्या वेळी तिच्या पाठीवर किंवा जवळच्या पाकळीवर एखादा तपकिरी ठिपका चालताना दिसला, तर तो नर आहे का ते पाहावे.

खेकडा कोळ्यांच्या कुळाला थोमिसिडी म्हणतात आणि जगभरात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. सगळ्याच फुलांवर बसत नाहीत. पन्हाळ्याच्या वाटेवर गवतात पोपटी रंगाचा, काडीला लांबलचक चिकटून राहणारा ऑक्सिटेट मी अनेकदा टिपला आहे. फ्रायनारेकनी नावाचा एक वंश पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो. अॅमिसिया तर पाने विणून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांसारखाच दिसतो आणि त्यांच्याच वावराच्या जागी राहून त्यांचीच शिकार करतो. रेशीम या सगळ्यांकडे असते, पण त्यांपैकी कोणीही त्याचे शिकारीचे जाळे करत नाही. जाता-येता आधाराचा एक धागा सोडायचा आणि अंडी गुंडाळायची, मुख्यतः एवढ्यासाठीच ते वापरतात.

नेमकी जात मात्र छायाचित्रावरून सांगू नये असे माझे ठाम मत आहे. बी. के. टिकादर यांनी १९८० मध्ये भारतीय प्राणिसृष्टीच्या मालिकेत या कुळावर जो स्वतंत्र खंड लिहिला, त्यात जाती वेगळ्या करण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या अवयवांवर भर आहे, आणि केवळ रंगावर विसंबून नाव दिले तर या वंशात हमखास फसायला होते.

आजरा_घनसाळ | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि देवासाठी फुले तीच तोडते. हा कोळी मधमाशीला क्षणात मारतो, म्हणजे त्याचे विष जहाल असणार. मुलांना धोका आहे का? आमच्याकडे कोळी अंगावरून गेला की चट्टे उठतात, असेही सगळे म्हणतात.

भिंगातून | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

काळजी करू नका. त्याचे विष कीटकांवर झटपट चालते, पण त्याचे सुळे फारच लहान असतात आणि माणसाला त्याच्यापासून गंभीर इजा होत नाही. शिवाय तो चावण्यापेक्षा आडवा सरकून लपणेच पसंत करतो. मुलीला फूल तोडण्याआधी ते हलकेच झटकायला शिकवले तरी पुरे.

अंगावर उठणाऱ्या चट्ट्यांचे म्हणाल, तर पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट असा एक भुंगेरा असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातल्या द्रवाने त्वचा भाजल्यासारखी होते. सकाळी तो चट्टा दिसतो आणि भिंतीवरच्या कोळ्यावर आळ येतो.

कंदीलपुष्प | ५ नोव्हेंबर, रात्री १०.३०

गच्चीबाग ताई, तुमचा पहिला प्रश्न मला या धाग्याचा गाभा वाटतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे फुलाच्या बाजूने उत्तर देतो.

आपल्याला जे लपलेले दिसते ते माशीलाही लपलेले असते, हे गृहीतच मुळात बरोबर नाही. मधमाशीच्या डोळ्यात तीन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात, एक अतिनील किरणांसाठी, एक निळ्यासाठी आणि एक हिरव्यासाठी. तांबडा रंग तिला रंग म्हणून दिसत नाही आणि जे अतिनील आपल्याला दिसत नाही ते तिला दिसते. मधमाश्यांना रंग ओळखता येतात, हे प्रयोगांनी सिद्ध करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना पुढे १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे तुमची पांढरी शेवंती तुम्हाला पांढरी आहे, पण माशीसाठी ती पांढरी असेलच असे नाही.

ऑस्ट्रेलियात थोमिसस स्पेक्टॅबिलिस या जातीवर झालेला आणि २००३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. तिथे हा कोळी पांढऱ्या डेझीवर बसतो आणि माणसाला दिसतही नाही. परंतु त्याचे अंग अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते आणि डेझीच्या पाकळ्या तसे करत नाहीत, त्यामुळे माशीला तो पाकळीवर ठळक उठून दिसतो. याहून महत्त्वाचे म्हणजे कोळी असलेले आणि नसलेले अशी दोन फुले समोर ठेवली, तेव्हा युरोपातून तिथे नेलेल्या मधमाश्यांनी कोळी असलेले फूल अधिक वेळा निवडले. तो लपत नव्हता, तर त्या फुलाला अधिक आकर्षक करत होता. तिथल्या मूळच्या देशी माश्याही अशा फुलांकडे ओढल्या गेल्या, पण त्या जवळ येऊन उतरण्याआधीच अधिक वेळा परतल्या. या कोळ्याबरोबर त्या पिढ्यानपिढ्या राहिल्या आहेत आणि युरोपातल्या माश्या नाहीत, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

सरसकट सगळ्या खेकडा कोळ्यांना हेच लागू होते असे मात्र नाही. युरोपातल्या थोमिसस ऑनस्टस या जातीवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कोळ्याचा रंग माशीच्या आणि पक्ष्याच्या, अशा दोघांच्याही दृष्टीने फुलाशी जुळत असल्याचे आढळले. एकाच वंशातल्या दोन जाती दोन निरनिराळ्या मार्गांनी एकाच कामाला लागलेल्या आहेत.

पिवळ्या फुलावरच्या शिकारीमागे आणखी एक साधे कारण आहे. माशीच्या डोळ्याला बारीक तपशील फारसे दिसत नाहीत. एक सेंटिमीटरची वस्तू रंगावरून वेगळी ओळखायला तिला तीन-चार सेंटिमीटर इतके जवळ यावे लागते आणि तोवर त्या लांब पायांची मिठी तिच्याभोवती पडलेली असते. तुम्ही ज्या दारातून तो कोळी पाहिलात, तिथून माशीला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

उसाच्या_बांधावरून | ६ नोव्हेंबर, दुपारी १.५०

मी शिरोळ तालुक्यात उसाबरोबर वीस गुंठे झेंडू करतो. आमच्या झेंडूत हे कोळी पिवळे दिसतात आणि बांधावरच्या पांढऱ्या रानफुलांवर पांढरे दिसतात. दसऱ्याच्या तोडणीला आलेल्या बायका त्यांना नेहमी झटकून टाकतात. सर, हा कोळी सरड्यासारखा रंग बदलतो, की पिवळे आणि पांढरे वेगवेगळे जन्मतात?

कंदीलपुष्प | ६ नोव्हेंबर, रात्री ९.१०

दादा, तो बदलतो, पण सरड्याच्या वेगाने नाही. यावर सर्वांत तपशीलवार काम झाले आहे ते युरोप-अमेरिकेतल्या मिसुमेना व्हेशिया या जातीवर. तिचा पांढरेपणा त्वचेखाली साठलेल्या ग्वानीन या पदार्थाच्या कणांमुळे दिसतो, आणि पिवळी होताना ती त्वचेच्या बाहेरच्या पेशींत पिवळे रंगद्रव्य आणते. पांढऱ्याची पिवळी व्हायला तिला दहा ते पंचवीस दिवस लागतात, पण पिवळ्याची पांढरी व्हायला साधारण सहाच दिवस पुरतात, कारण रंगद्रव्य नव्याने तयार करण्यापेक्षा ते आत ओढून घेणे किंवा टाकून देणे सोपे असते. बसलेल्या जागेचा रंग ती डोळ्यांनीच ओळखते. डोळ्यांवर रंगाचा थर दिलेल्या कोळ्यांना रंग बदलता आला नाही, असे प्रयोगात दिसले आहे.

जाता जाता एक सांगतो. या जातीचे नाव १७५७ चे आहे. प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजली जातात, पण त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनच्या कार्ल क्लेर्कने कोळ्यांवर इतके व्यवस्थित काम केले होते की त्याच्या नावांपुरता नियमाला अपवाद केला गेला.

आता गच्चीबाग ताईंच्या त्या बारीक काळ्या माश्यांविषयी. ही नोंद वाचून मला अतिशय आनंद झाला, कारण इतक्या लहान गोष्टीकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या मिलिचिडी कुळातल्या माश्या असाव्यात. दुसऱ्याने मारलेल्या शिकारीवर, विशेषतः मधमाशीच्या अंगातून झिरपणाऱ्या रसावर त्या जगतात. जखमी मधमाशीच्या शरीरातून जो वास सुटतो त्याच्या मागावर त्या काही मिनिटांत येतात, आणि कोळ्यासाठी त्या इतक्या लहान असतात की तो त्यांच्याकडे लक्षच देत नाही.

याच माश्यांना एका वनस्पतीने फसवले आहे, आणि ती आपल्या कंदीलपुष्पाच्या म्हणजे सेरोपेजियाच्या वंशातली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडर्सनीचे फूल कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाशीसारखा वास सोडते. मेजवानीच्या आशेने आलेली माशी फुलाच्या नळीत घसरते, काही काळ अडकून राहते आणि सुटताना पराग घेऊन जाते. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या दुर्मीळ जाती जपण्याचे मोठे काम आपल्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले आहे. विद्यापीठाच्या बागेतली ही कंदिलासारखी फुले पाहताना, अशा एका फुलाच्या वासामागे खेकडा कोळी आणि मधमाशी यांची झटापट आहे, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

राबाची_पेटी | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

मी भुदरगड तालुक्यातला. पाटगाव हे मधाचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याच खोऱ्यात आमच्या पेट्या आहेत. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

कोळी हलवू नका. नऊ दिवसांत चार माश्या तुम्हाला डोळ्यांसमोर गेलेल्या दिसल्या म्हणून जीव हळहळला, हे मी समजतो. परंतु भरलेल्या पेटीत हजारो कामकरी माश्या असतात, आणि बाहेर चारा आणणाऱ्या माश्या आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात असतात. काही आठवड्यांतच त्या थकून जातात आणि राणी त्यांची जागा भरून काढत असते. कोळ्याने वसाहत संपवली असे माझ्या वडिलांच्या काळापासून आम्ही एकदाही पाहिलेले नाही. वसाहत जाते ती मेणकिड्याने पोळी पोखरल्यामुळे, मुंग्या शिरल्यामुळे, पेटीच्या दारात गांधीलमाश्या टपून बसल्यामुळे, आणि अलीकडे सर्वांत जास्त म्हणजे शेजारच्या शिवारात फुलोऱ्यावर फवारणी झाल्यामुळे. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी पेटीसमोर जो माश्यांचा सडा पडतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला कोळ्याचा राग येणार नाही.

उसाच्या_बांधावरून | ७ नोव्हेंबर, रात्री ८.००

दादांचे शब्द मनाला लागले. मी स्वतः फुलकिड्यांसाठी दर आठ-दहा दिवसांनी फवारणी करत होतो. हे कोळी फुलकिडे आणि अळ्या खातात का, हे कोणी सांगेल का? खात असतील तर तोडणीवाल्या बायकांना त्यांना परत झाडावर सोडायला सांगेन.

कंदीलपुष्प | ७ नोव्हेंबर, रात्री १०.१५

लहान वयाचे कोळी अगदी बारीक कीटकांवर जगतात आणि मोठे कोळी अळ्याही पकडतात. मात्र केवळ त्यांच्या जिवावर वीस गुंठ्यांतले फुलकिडे आटोक्यात येतील, असे मी म्हणणार नाही, कारण शेतकऱ्याला खोटी आशा दाखवणे बरे नव्हे.

झाडाच्या बाजूने मात्र एक सुंदर गोष्ट माहीत आहे. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या बिस्कुटेला या पिवळ्या फुलाच्या रानझाडावर काम केले आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फुले खाणाऱ्या अळ्या लागल्या की हे झाड बीटा-ओसिमीन नावाचा सुगंधी पदार्थ अधिक प्रमाणात सोडते. त्या वासाने मधमाश्या येतात आणि थोमिसस कोळीही येतो. कोळ्यामुळे माश्यांच्या भेटी कमी होतात, हा झाडाचा तोटा आहे. पण अळ्या लागलेल्या झाडांवर कोळी त्या अळ्या खातो आणि अशा झाडांना एकंदरीत फायदाच होतो. म्हणजे कोळी झाडाचा मित्र आहे की शत्रू, हे त्या हंगामात त्या झाडाला अळी लागली आहे की नाही यावर ठरते.

गच्चीबाग | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

सर्वांचे मनापासून आभार. राबाची पेटी दादांचे ऐकून मी कोळ्याला हात लावला नाही, पण कंदीलपुष्प सरांचे वाचून नोंदी करण्याची पद्धत बदलली. आधी मी फक्त शिकारी मोजत होते. आता माश्या त्या फुलाजवळ येऊन न उतरता किती वेळा परततात तेही मोजते. पाच सकाळी मिळून कोळी बसलेल्या फुलाकडे सातेरी माश्या एकतीस वेळा आल्या, त्यांतल्या एकोणीस वेळा त्या जवळ येऊन, क्षणभर तरंगून, परत फिरल्या. शेजारच्या रिकाम्या फुलाकडे त्या सव्वीस वेळा आल्या आणि फक्त सात वेळा परतल्या. एका गच्चीवरच्या, एका कोळ्याच्या या नोंदी आहेत, त्यांतून सिद्धान्त निघत नाही हे मला कळते. पण माझ्या माश्या आंधळेपणाने मरणाकडे जात नाहीत, निदान निम्म्याहून अधिक वेळा त्यांना काहीतरी समजते, हे पाहून मला फार बरे वाटले.

दोन दिवसांपूर्वी ती मादी फुलावरून दिसेनाशी झाली. शोधल्यावर शेवंतीच्याच खालच्या एका पानाची कड मुडपून, रेशमाने शिवून केलेल्या घडीवर बसलेली सापडली. पोट एकदम आकसले आहे, म्हणजे अंडी घातली असावीत. रंग अजून पांढराच आहे. त्याच दिवशी तगरीवरच्या दुसऱ्या, लहान कोळ्याला एक कुंभारीण माशी माझ्यासमोर उचलून घेऊन गेली. जिन्याच्या छताला तिचे मातीचे घर आहे.

भिंगातून | १६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

कुंभारीण कोळ्याला मारत नाही, डंखाने लुळे करते. प्रत्येक कप्प्यात असे कोळी भरून ती त्यांच्यावर एक अंडे घालते आणि बाहेर येणारी अळी ते ताजे अन्न खाऊन वाढते. फुलांवर उघड्यावर बसणारे खेकडा कोळी तिच्या कप्प्यांत अनेकदा सापडतात. तिचे घर पाडू नका, एवढीच विनंती आहे.

घडीवरच्या मादीला मात्र अजिबात हलवू नका. ती आता अंड्यांवर पहारा देईल, खाणे जवळजवळ सोडेल आणि बहुधा ती जागा सोडून पुन्हा कुठे जाणार नाही.

उसाच्या_बांधावरून | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

ताई, आम्ही कार्तिकी एकादशीनंतर फुलांची जुनी झाडे उपटून बांधावर जाळतो. तुमची ही नोंद वाचून काल मी आधी पाने उलटून पाहिली, तर दहा-बारा झाडांत सहा घड्या सापडल्या. ती झाडे मुळासकट काढून उसाच्या कडेला सावलीत उभी ठेवली आहेत. पुढची फवारणी किडे मोजल्याशिवाय करणार नाही, आणि केलीच तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करेन.

गच्चीबाग | ८ डिसेंबर, सकाळी ९.२०

आज सकाळी पानाच्या घडीला एक बारीक भोक दिसले आणि त्यातून मोहरीच्या दाण्याहून लहान, जवळजवळ पारदर्शक पिल्ले बाहेर येत होती. मी चाळीसपर्यंत मोजली, पुढे मोजता आली नाहीत. काही फांदीच्या टोकाला चढून रेशमाचा धागा हवेत सोडत होती आणि वाऱ्याबरोबर रंकाळ्याच्या दिशेने जात होती. मादी घडीवरच आहे, पाय आवळून बसली आहे. मी फुंकर घातली तेव्हा तिने पुढचा एक पाय किंचित उचलला. सासूबाईंनी आज देवाला शेवंती घातली नाही, सदाफुली घातली. झाडाची छाटणी मी पौषापर्यंत पुढे ढकलली आहे.